नट फिरतो, स्क्रू निघत नाही

गेल्या शनिवारी शेजारच्या काकांच्या गाडीचं, दार ओढून घ्यायचं आतलं हँडल डुगडुगायला लागलं म्हणून आम्ही दोघं ते खोलायला बसलो. एक स्क्रू निघाला, दुसरा नुसता गरगर फिरू लागला. काकांनी इंदुरातल्या सियागंज बाजारातून आणलेला, गंज सोडवणारा तेलाचा फवारा दोनदा मारला. गल्लीतल्या मिस्त्रीनं उभ्याउभ्याच निदान केलं, "चूड़ी मर गई!" म्हणजे आपले आटे गेले.

आटे शाबूत होते. हँडलच्या मागे प्लास्टिकमध्ये षट्कोनी खळगा असतो आणि त्यात नट बसवलेला असतो. खळग्याचे कोपरे झिजले की नटही स्क्रूबरोबर फिरतो. स्क्रू बाहेर यायचा तर दोघांपैकी एकानं थांबायला हवं. मे महिन्यात इंदुरात उन्हात उभ्या बंद गाडीत प्लास्टिक किती तापतं ते हात लावून पाहा. त्यात हे प्लास्टिक पोलादाच्या सहा-सात पट फुगतं. दुपारी फुगायचं, रात्री आक्रसायचं, पकड ढिली होते. मग आपण स्क्रू आणखी आवळतो आणि कोपरे गोल करून ठेवतो.

म्हणजे ही दोन घर्षणांची कुस्ती आहे: एक आट्यांमधलं, दुसरं नट आणि प्लास्टिकमधलं. दुसरं जिंकलं तरच स्क्रू सुटतो. आता गंमत पाहा. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीला गुंडाळला की आटा दिसतो. 6 मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूत एका फेऱ्याला 1 मिलिमीटर चढ, आणि त्या फेऱ्याची लांबी साधारण 17 मिलिमीटर. म्हणजे उतार जेमतेम साडेतीन अंशांचा. आट्यांचा व्ही आकार धरून घर्षणाचा कोन, म्हणजे ज्या उतारापर्यंत वस्तू आपोआप घसरत नाही तो, 10 अंशांच्या आसपास येतो. उतार त्याहून कमी, म्हणून आवळलेला स्क्रू आपोआप सुटत नाही.

पण स्क्रूचं डोकं बाहेर ओढून धरून तो डावीकडे फिरवला, तर स्क्रू ओढीच्याच दिशेनं सरकतो. उतारावरून ओझं खाली आणावं तसं. उतार आपल्या बाजूनं झाला! 10 वजा साडेतीन, उरले साडेसहा अंश. त्याचा टॅन्जन्ट 0.11, आट्याची त्रिज्या 2.7 मिलिमीटर, गुणाकार 0.3, हा आट्यांचा विरोध. तीच ओढ नटाला प्लास्टिकवर दाबते. तिथला घर्षणाचा गुणांक 0.2 धरला आणि त्रिज्या 4 मिलिमीटर, तर गुणाकार 0.8. प्लास्टिकची पकड अडीचपटीहून जास्त! गंजानं आटे जाम असतील तर त्याचा विरोध वेगळा मोजावा लागतो, मग ओढही तेवढी वाढवायची.

आता तेल. ते आट्यांत शिरलं तर भलंच. पण समोरून मारलेलं तेल भोकातून जाताना नटाचं तोंड आणि प्लास्टिक यांच्यामध्येही पसरतं, म्हणजे जी पकड हवी तीच निसरडी करतं. फवाऱ्याच्या डब्यावर 'सगळं सोडवतो' असं छापलेलं असतं, त्यात घर्षण वाढवायचं कसं हे लिहिलेलं नसतं. काका शनिवारचं तेल शनीला वाहतात. ते तिथेच बरं.

आमच्यातल्या एकानं स्क्रूच्या डोक्याखाली चपटा पेचकस सारून उचल दिली आणि दुसऱ्यानं सावकाश फिरवलं. तिसऱ्या प्रयत्नात नट थबकला, स्क्रू आला. उचल द्यायला जागाच नसेल, तर सोल्डरिंग आयर्नचं (डाख द्यायच्या हत्याराचं) तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. उष्णता स्क्रूतून नटापर्यंत जाते. गाडीच्या आतल्या भागांत वापरलं जाणारं एबीएस प्लास्टिक 105 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मग स्क्रू ओढून धरून निवू दिलं, तर नटाच्या कोपऱ्यांभोवती प्लास्टिक पुन्हा घट्ट बसतं. धूर होतो, दारं उघडी ठेवा. सीट, सीटबेल्ट आणि एअरबॅगजवळच्या बोल्टना मात्र यातलं काही करू नका, ते वर्कशॉपचं काम.

दुरुस्ती सोपी. खळगा स्पिरिटनं पुसून तेल घालवलं, दोन भागांचा इपॉक्सी भरून नट बसवला. इपॉक्सी आट्यांना चिकटू नये म्हणून स्क्रूला तेल लावून तो हलक्या हातानं आत फिरवला. हे तेल मी काकांकडूनच मागून घेतलं. रात्रभर सुकू दिलं. सकाळी स्क्रू काढून पाहिला, नट जागचा हलला नाही. नटाखाली मोठा वायसर टाकायचा होता तो मात्र विसरलो.