पार्श्वभूमी : ‘गोइंग टू’ भविष्यकाळात कसं शिरलं

‘आय ॲम गोइंग टू कॉल हिम’ म्हणणारा माणूस कुठेच जात नसतो. फोन हातात असतो, बूड खुर्चीत असतं. ‘इट्स गोइंग टू रेन’मध्ये तर जाणारं कोणी नाहीच. तरी क्रियापद ‘जाणे’चंच. आपल्या शालेय व्याकरणात या रचनेला काळांचा तक्ता संपल्यावर उरलेली जागा मिळते; मानाचं पान ‘शॅल’ आणि ‘विल’चं. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरात मात्र ‘शॅल’ आता क्वचित ऐकू येतं आणि ‘गोइंग टू’ उठता-बसता. ही उलटापालट कशी झाली, त्याची ही हकिकत.

जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचं वेगळं रूप नव्हतं. आपण ‘उद्या येतो’ म्हणतो, तसं वर्तमानावरच भागत असे. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे, ‘शॅल’चा देणं लागणे. इच्छा आणि देणं या दोन्ही गोष्टी पुढच्याच असतात, त्यामुळे हे शब्द हळूहळू भविष्यदर्शक झाले. पण जुना वास गेला नाही. पुढच्या साऱ्या भांडणाचं मूळ त्यातच आहे.

‘गोइंग टू’चा वारंवार दिला जाणारा जुना दाखला १४८२ चा आहे. एका भिक्षूला झालेल्या दृष्टान्ताच्या त्या वर्णनात एक पापी आत्मा नरकात ‘नेला जाणार’ असतो. गंमत अशी, की तो आत्मा खरोखरच वाटेवर आहे, सैतानांच्या गराड्यात. म्हणजे ‘जातो आहे’ असंही वाचता येतं आणि ‘नेलं जाणार आहे’ असंही. भाषेतले बदल अशाच दुहेरी वाक्यांतून घडतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका नाटकातलं पात्र ‘मी पत्रं द्यायला चाललोय’ अशा अर्थाने हीच रचना वापरतं, तेव्हा त्याचे पाय चालू असतात. हेतू आणि चाल यांची गाठ सुटली ती पुढे, न चालणारे कर्ते आल्यावर. १६४६ मध्ये मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी निघालेल्या एका पुस्तकात ‘गोइंग टू’ ही भविष्याची खूण आहे, अशी नोंद सापडते. एका ओळीची. ती कोणी फारशी मनावर घेतली नाही.

मनावर घेतला गेला तो सात वर्षांनी आलेला नियम. १६५३ मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका गणितज्ञाने, म्हणजे अनंतासाठी आडव्या आठासारखं चिन्ह रूढ करणाऱ्यानेच, इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. तेही लॅटिनमध्ये, परदेशी लोकांसाठी. त्याने सांगितलं : प्रथमपुरुषात ‘शॅल’ म्हणजे नुसतं भाकीत, ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी, द्वितीय आणि तृतीय पुरुषात नेमकं उलट. नियम गणितज्ञाला शोभेल इतका सममित आहे. बोलणाऱ्यांनी तो तसा पाळला होता का, हा प्रश्न वेगळा.

अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी त्याला फाटे फोडले : प्रश्नार्थक वाक्यात काय, गौण वाक्यात काय. मग तो इंग्लंडमध्ये सुशिक्षितपणाची खूण झाला. त्यावरचा एक विनोद पिढ्यान् पिढ्या चालला. इंग्लंडात आलेला एक परका, कधी स्कॉटिश, कधी आयरिश, कधी फ्रेंच, पाण्यात पडतो आणि ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ नियमाप्रमाणे अर्थ होतो, ‘मी बुडणारच, कोणी मला वाचवता कामा नये.’ काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखतात. विनोद म्हणून ठीक, पण त्यातला तुच्छभाव लपत नाही. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेत प्रथमपुरुषी ‘विल’ सरसकट चालत होतं. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या कितीतरी लोकांची रोजची बोली या नियमाने चुकीची ठरली. १९२५ मध्ये एका अमेरिकी अभ्यासकाने काही शतकांच्या इंग्रजी नाटकांतली वाक्यं मोजून दाखवलं, की नाटककारांनीही हा नियम नीट पाळलेला नाही. माझ्या मते वाद तिथेच संपायला हवा होता. शाळांपर्यंत ती बातमी पोचली नाही.

विसाव्या शतकातली गाजलेली उदाहरणंही नियमाच्या विरुद्धच जातात. १९४० मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी समुद्रकिनाऱ्यांवर लढण्याची भाषा केली, १९४२ मध्ये फिलिपिन्स सोडून आलेल्या अमेरिकी सेनापतीने परतण्याची. दोघांनीही निर्धारासाठी प्रथमपुरुषात ‘शॅल’ वापरलं. नियमाने ते कोरडं भाकीत ठरतं! ‘शॅल’चा खरा मुक्काम कायद्यात राहिला. भारताच्या संविधानाचं पहिलंच कलम ‘शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स’ म्हणतं. तिथे ‘शॅल’ म्हणजे बंधन. कायद्यातही त्याचा अर्थ नेहमी एकच नसतो, म्हणून २००७ मध्ये अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा सोपी करताना ‘शॅल’ काढून टाकण्यात आलं.

ही मारामारी चालू असताना ‘गोइंग टू’कडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि ते त्याच्या पथ्यावर पडलं. पुरुषाप्रमाणे त्याचा अर्थ बदलत नाही. इच्छा की बंधन हा घोळ नाही. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात ते बोलण्यात झपाट्याने पसरलं, अमेरिकेत विशेष. उच्चारही झिजला. १८०६ च्या एका स्कॉटिश कवितासंग्रहात ‘गॅना’ असं रूप छापलेलं आहे. पुढे त्याचं ‘गॉना’ झालं. ही झीज फक्त क्रियापदाआधी होते. ‘आय ॲम गॉना ईट’ चालतं, ‘आय ॲम गॉना पुणे’ कधीच नाही. ठिकाणाकडे जाताना ‘गोइंग टू’ पूर्ण उच्चारावं लागतं.

मराठी माध्यमातल्या मुलांची अडचण नेमकी इथे होते. ‘मी पुण्याला जाणार आहे’चं ‘आय ॲम गोइंग टू गो टू पुणे’ करताना दोनदा ‘जाणे’ आणि दोनदा ‘टू’ बघून मुलं बिचकतात, एक जोडी खोडतात. खोडल्यावर उरलेलं वाक्यही बरोबरच असतं, त्यामुळे गोंधळ कोणाच्या लक्षात येत नाही. पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी ‘आय शॅल, वुई शॅल, बाकी विल’ घोकलं. २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि पुढे संभाषणावर भर वाढला, तसा त्या घोकंपट्टीचा जोर ओसरला.

तिच्या जागी नवा नियम आला : आधी ठरवलेलं असेल किंवा ढग दिसत असतील तर ‘गोइंग टू’, आयत्या वेळी ठरलं तर ‘विल’. दाराची बेल वाजली की ‘आय विल गेट इट’. हा बोलण्याला पुष्कळ जवळचा आहे, पण इंग्रजी बोलणारे तोही सैल पाळतात, आणि परीक्षेत त्यावर गुण कापणं मला १६५३ चीच पुनरावृत्ती वाटते. मराठीत दोन्हीकडे ‘-णार’ चालतं : ‘पाऊस पडणार’, ‘तो येणार नाही’. ठरवलेलं आणि आयत्या वेळचं असा भेद ‘-णार’ सक्तीने करत नाही, म्हणून आपल्याला तो कृत्रिम वाटतो.

भूतकाळात मात्र दोन्ही भाषा तंतोतंत जुळतात. ‘आय वॉज गोइंग टू कॉल यू’ आणि ‘मी तुला फोन करणारच होतो’. दोन्हीत फोन झालेला नसतो, आणि ऐकणाऱ्याला ते वाक्य संपायच्या आत कळलेलं असतं.