डीपीपी-४: कात्री एकच, नावं तीन

डायबेटिसच्या गोळ्यांवर सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन अशी नावं वाचली असतील, ती सगळी डीपीपी-४ या एकाच एन्झाइमला अडवतात. गंमत म्हणजे १९६६ मध्ये होप्सू-हावू आणि ग्लेनर यांना हे उंदराच्या लिव्हरमध्ये सापडलं तेव्हा शुगरचा विषयच नव्हता. याचं काम एका ओळीत सांगायचं तर पेप्टाइडच्या (अमिनो ॲसिड्सच्या छोट्या साखळीच्या) टोकाची दोन अमिनो ॲसिड्स जोडीनं कापायची, आणि तीही मुख्यतः दुसऱ्या जागेवर प्रोलीन किंवा अ‍ॅलनिन असेल तर. तिकडे इम्युनॉलॉजीवाले टी-पेशींवरच्या (रोगप्रतिकारक पेशींवरच्या) एका प्रोटीनला सीडी२६ म्हणत बसले होते, आणखी कुणी त्याला अ‍ॅडेनोसिन डीअ‍ॅमिनेज हे दुसरं एन्झाइम चिकटतं ते प्रोटीन म्हणून ओळखत होतं, आणि शेवटी कळलं की तिघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत!

खरी कलाटणी जीएलपी-१ मुळे मिळाली. जेवल्यावर आतड्यातून सुटणारं, इन्सुलिन वाढवणारं हे हार्मोन, पण त्याच्या दुसऱ्याच जागेवर अ‍ॅलनिन, म्हणजे कात्रीला आयतं गिऱ्हाईक. १९९३ मध्ये मेंटलाइन आणि सहकाऱ्यांनी डीपीपी-४ ते कापतं हे दाखवलं आणि ते रक्तात जेमतेम दोनेक मिनिटंच का टिकतं याचा उलगडा झाला. मग दोन वाटा फुटल्या, एक तर कात्रीच बोथट करा (सिटाग्लिप्टिन, अमेरिकेत मंजुरी ऑक्टोबर २००६), नाहीतर कापलंच जाणार नाही असं हार्मोन द्या. दुसऱ्या वाटेचं पहिलं औषध म्हणजे २००५ चं एक्सेनाटाइड, ते चक्क गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या पेप्टाइडवरून आलं, त्यात दुसऱ्या जागी ग्लायसिन असतं म्हणून कात्री चालत नाही. याच वाटेवरच्या सेमाग्लुटाइड या औषधामध्येही त्याच जागी बदल केलाय. माझ्या मते वजन आणि शुगर दोन्हीत ही दुसरी वाटच जास्त दमदार निघाली, ग्लिप्टिन्स (म्हणजे डीपीपी-४ अडवणाऱ्या गोळ्या) त्यामानाने सौम्य, पण गोळी घ्यायला सोपी आणि एकटी घेतली तर शुगर एकदम खाली जायची भीती कमी.

२०१३ मध्ये अजून एक धक्का बसला, मर्स व्हायरस (कोविडच्याच कोरोना घराण्यातला) पेशीत शिरायला हेच डीपीपी-४ दार म्हणून वापरतो हे कळलं (कोविडचं दार वेगळं, एसीई-२). त्याच वर्षी सॅक्साग्लिप्टिन या दुसऱ्या ग्लिप्टिनच्या १६,४९२ पेशंट्सच्या ट्रायलमध्ये हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणारे गोळी घेणाऱ्यांत ३.५ टक्के निघाले, प्लॅसिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) २.८. २०१५ च्या सिटाग्लिप्टिनच्या ट्रायलमध्ये मात्र तसं काही दिसलं नाही, त्यामुळे सगळ्या ग्लिप्टिन्सना एकाच मापाने मोजता येत नाही.