जॅक आणि स्टँड: गाडी उचलणारा वेगळा, पेलणारा वेगळा

मोटारसायकलचं चाक काढायचं म्हणजे ते जमिनीपासून चार बोटं वर हवं, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. मग हाताला येईल ते गाडीखाली सरकतं: कारच्या डिकीतला जॅक, दोन विटा, एखादा लाकडी गुटका. दुकानातली नावं गोंधळात भर घालतात. 'बाइक जॅक', 'बाइक लिफ्ट', 'पॅडॉक जॅक', 'जॅक स्टँड' या चार नावांनी चार वेगळ्या वस्तू मिळतात, आणि त्यातला 'जॅक स्टँड' तर काहीच उचलत नाही. तो तीन-चार पायांचा लोखंडी टेकू असतो. गॅरेजात त्याला घोडी म्हणतात.

नाव काहीही असो, वस्तू विकत घेताना एकच प्रश्न विचारा: ही उचलते की पेलते? जॅकचं काम वजन एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर नेणं. स्टँडचं काम ते वजन तिथे तासन्‌तास, धक्के सोसत धरून ठेवणं. घरच्या वर्कशॉपमधले बरेच अपघात जॅकला स्टँड समजण्यातून होतात. गाडी जॅकवर चढते आणि तिथेच सोडली जाते. मग कोणी एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, नटावर जोर लावतो आणि गाडी कलंडते.

आधी बॉटल जॅक घेऊ, म्हणजे कारच्या किंवा टेम्पोच्या हायड्रॉलिक जॅकचा छोटा भाऊ. दांडी वरखाली केली की आतला बारीक प्लंजर थोडं थोडं तेल मोठ्या नळकांड्यात ढकलतो आणि मोठा दट्ट्या वर येतो. तेल मागे फिरू नये म्हणून वाटेत पोलादी गोळी बसवलेली असते. सगळं वजन त्या गोळीवर, एका रबरी सीलवर आणि तेल सोडायच्या स्क्रूवर तोललेलं असतं. गोळीखाली कचऱ्याचा एक कण अडकला किंवा सील झिजलं, तर दट्ट्या डोळ्यांना दिसणार नाही इतक्या हळू खाली येतो. तपासायचं असेल तर वजन चढवून दट्ट्यावर मार्करने रेघ ओढा आणि अर्ध्या तासाने पाहा. रेघ खाली सरकली असेल तर त्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. तसं पाहिलं तर रेघ सरकली नाही तरीही घालायचा नाही. गळका जॅक भरताना आणखी एक चूक हमखास होते, ती म्हणजे ब्रेक ऑइल ओतणं. जॅकमधली साधी रबरी सील खनिज तेलासाठी बनवलेली असतात. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि त्यात ही सील फुगून खराब होतात. हायड्रॉलिक तेलच भरा, तेही दट्ट्या पूर्ण खाली असताना. मग स्क्रू सैल करून दांडी दहा-पंधरा वेळा हलवा, म्हणजे आतली हवा निघून जाते.

मोटारसायकलसाठी बॉटल जॅक मुळातच गैरसोयीचा आहे, आणि त्याचं कारण ताकद हे नाही. दोन टनांच्या जॅकला १९५ किलोची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० म्हणजे काहीच नाही. अडचण त्याच्या डोक्याची आहे. रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या गोल टोकावर दोन चाकांची गाडी उभी राहू शकत नाही. कारच्या एका कोपऱ्याखाली जॅक असतो तेव्हा बाकीची तीन चाकं तोल सांभाळतात. इथे तसं कोणीच नसतं.

म्हणून दुचाकीसाठी वेगळा, रुंद पाटाचा कात्री जॅक मिळतो. त्याच्या वर रबर लावलेल्या दोन पट्ट्या असतात, मधून आडवा स्क्रू जातो, आणि स्क्रूचं डोकं रॅचेट किंवा बॉक्स पान्याने फिरवायचं. यात तेल नसल्यामुळे गळण्याचा प्रश्न नाही. आटे घर्षणानेच धरून राहतात, त्यामुळे वजन आपोआप खाली येत नाही. पूर्ण मिटलेला असताना तो फिरवायला सगळ्यात जड जातो, कारण कात्रीचे हात जवळपास आडवे असतात आणि जोर उचलण्यापेक्षा ताणण्यातच जातो. तिथे पान्याला पाइप लावून जबरदस्ती करू नका. खाली जाड फळी सरकवा, म्हणजे जॅक थोडा उघडलेला असतानाच गाडीला भिडतो. स्क्रूला अधूनमधून ग्रीस लावत जा. कोरडा स्क्रू मधल्या नटाचे आटे खातो, आणि वजन त्याच आट्यांवर असतं.

जॅक कुठे टेकवायचा हे फ्रेमवर अवलंबून आहे. इंजिनाखालून लोखंडी नळ्या जात असतील तर जॅकच्या पट्ट्या त्या नळ्यांखाली घ्या. ड्यूक किंवा आर१५ सारख्या गाड्यांना इंजिनाखाली फ्रेमच नसते, खाली थेट इंजिनाचं ॲल्युमिनियमचं कवच येतं. तिथे ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिल्टरचं झाकण आणि सायलेन्सरची वाकडी नळी यांच्यावर वजन पडता कामा नये. ड्रेन बोल्टवर गाडी उचलली की कवचातले आटे तडकतात, आणि दोनशे रुपयांत होणारं काम इंजिन खोलण्यावर जातं. अशा गाड्यांना पॅडॉक स्टँडच बरा, म्हणजे गाडीला मागून उचलून धरणारा दांडीचा स्टँड. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

आता पेलणाऱ्यांकडे वळू. आपल्याकडचा सगळ्यात चांगला टेकू कंपनीनेच गाडीला लावून दिलेला असतो: मेन स्टँड. तो फ्रेमला बसवलेला असतो आणि पाय रुंद फाकवून उभा राहतो. तरफेसारखा पायाने दाबला की गाडी वर चढते आणि वजन मध्यबिंदूच्या पुढे जाऊन स्वतःला अडकवून घेते. ज्या गाडीला मेन स्टँड आहे तिला घरच्या निम्म्या कामांसाठी दुसरं काही विकत घ्यायची गरज नाही.

पॅडॉक स्टँडचं तत्त्वही हेच. मागचं चाक ज्या दोन हातांमध्ये बसतं त्या स्विंगआर्मला दोन्ही बाजूंनी नायलॉनचे स्पूल, म्हणजे खाचेचे गोल खुंटे, बसवायचे. स्टँडचे आकडे त्यांच्याखाली घालायचे आणि मागची दांडी खाली दाबायची. स्टँड आपल्या छोट्या चाकांभोवती फिरतो आणि स्पूल वर येत येत त्या चाकांच्या मध्यरेषेच्या मागे जातात. तिथून पुढे गाडीचं वजनच दांडीला खाली दाबून ठेवतं. या हालचालीत गाडी थोडी मागे येते, म्हणून उचलताना गिअर न्यूट्रल हवा आणि हँडल सरळ हवं. फरशी गुळगुळीत हवी. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत छोटं चाक अडकलं की स्टँड सरकण्याऐवजी आडवा होतो. खाली प्लायवुडचा तुकडा टाका.

गाडी वर गेली की पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबराने किंवा पट्ट्याने घट्ट बांधा. हे विसरतातच. मागचं चाक हवेत असताना गिअर टाकून काहीच उपयोग नसतो. गाडीला पुढे जाण्यापासून रोखणारं आता फक्त पुढचं चाक आहे.

स्पूलचे बोल्ट सरसकट एका मापाचे नसतात. यामाहाला बहुधा ६ मिलिमीटरचे, होंडा-सुझुकीला ८ चे, केटीएम आणि कावासाकीला १० चे लागतात. पण मॉडेलनुसार फरक असतो, म्हणून चार-पाच आटे हातानेच बसतात का ते आधी पाहा. पान्याने कोंबलेला चुकीचा बोल्ट स्विंगआर्म खराब करतो. स्विंगआर्मला भोकच नसेल तर स्पूलऐवजी एल आकाराच्या रबरी पट्ट्यांचा स्टँड घ्या. तो स्विंगआर्मला खालून आधार देतो.

खरी गंमत कामानुसार निवड करण्यात आहे, आणि इथे चांगले चांगले मेकॅनिकही गडबडतात. चेन साफ करायची असेल तर पॅडॉक किंवा मेन स्टँड, आणि इंजिन बंद. चाक हातानेच फिरवा, कारण चालू चेनमध्ये फडकं गेलं की बोट त्याच्या मागोमाग जातं. मागचं चाक काढायलाही हेच दोन्ही चालतात. मात्र एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. घट्ट नट पहिल्यांदा सोडवायला लागणारा झटका कोणत्याही स्टँडला हलवतो.

पण मागचा शॉकॲब्झॉर्बर काढायचा असेल आणि गाडी पॅडॉकवर असेल, तर थांबा. पॅडॉकने स्विंगआर्म धरलाय, गाडी नाही. गाडीची मागची बाजू स्विंगआर्मवर शॉकॲब्झॉर्बरच्या आधाराने बसलेली आहे. त्याचा बोल्ट निघाला की सीट धाडकन खाली येते. या कामाला आधार फ्रेमलाच हवा. मेन स्टँड असेल तर सोपं, नसेल तर कात्री जॅकने फ्रेम उचलून फूटरेस्टच्या मजबूत आडव्या पट्टीखाली दोन घोड्या लावायच्या आणि जॅक थोडा खाली घेऊन वजन घोड्यांवर सोडायचं. पुढच्या बाजूला तीच गोष्ट. फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना, खालून धरणारा पुढचा स्टँड चाक काढायला ठीक, पण फोर्क उतरवायचा किंवा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) बदलायचा असेल तर तो निरुपयोगी, कारण जे काढायचं आहे त्यावरच तो टेकलेला असतो. फोर्क उतरवायला स्टिअरिंगच्या दांड्याच्या भोकात पिन घालून उचलणारा स्टँड लागतो. कोनसेट बदलताना मात्र तो दांडाच निघतो, म्हणून तिथे आधार फ्रेमलाच हवा. आणि आधी मागचा स्टँड, मग पुढचा. उतरवताना उलट.

मेन स्टँडवरच्या गाडीचं पुढचं चाक काढायचं असेल तर जॅक आणि स्टँडची जोडी छान जमते. बहुतेक गाड्यांचं मागचं चाक वर आणि पुढचं टेकलेलं असतं. इंजिनाच्या पुढच्या भागाखाली जॅक लावून हळूहळू वर घ्या. पुढचं चाक सुटतं आणि मागचं खाली टेकतं. आता मेन स्टँड, मागचं चाक आणि जॅक असे आधार झाले. मग जॅकशेजारी फ्रेमखाली लाकडी गुटका घट्ट बसवा, म्हणजे जॅक सरकला तरी गाडी गुटक्यावर येईल.

उतरवतानाही दोघांचा स्वभाव वेगळा. हायड्रॉलिकचा स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त सोडू नका, नाहीतर गाडी सावकाश उतरण्याऐवजी पडते. पॅडॉक उतरवायच्या आधी ब्रेकचा पट्टा काढा, साइड स्टँड खाली काढून ठेवा, डाव्या बाजूला उभे राहून एका हाताने मागचा हँडबार धरा आणि दुसऱ्या हाताने दांडी वर उचला. गाडी किंचित पुढे जाईल, त्याची तयारी ठेवा.

एक प्रसंग असा आहे जिथे लोक जॅक किंवा स्टँड शोधतात आणि दोन्ही चुकीचे असतात: चावी हरवलेली गाडी. हँडल डावीकडे लॉक, चावी गायब, गाडी पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात, आणि टेम्पो फाटकाबाहेर उभा. हँडलला हिसके देऊ नका. लॉकची पिन वाकते आणि तिचं घर तुटतं, मग चावी सापडली तरी काही उपयोग नाही. चाकं लावलेल्या जॅकवर गाडी चढवून ढकलू नका, आणि पॅडॉक लावू नका, कारण उचलताना गाडी मागे येते आणि वाकडं चाक तिला आडवं नेतं. इथे उचलणं-पेलणं नको, हलवणं हवं. १८ मिलिमीटर प्लायवुडचा साधारण दीड बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, त्याला चार कोपऱ्यांत सगळीकडे वळणारी तीन इंची चाकं बसवा, वर दोन आडव्या पट्ट्या ठोका म्हणजे टायर मधे बसेल. ही डॉली पुढच्या चाकासमोर ठेवा, तिच्या चाकांना विटा लावा आणि उताराची फळी टाका. फळी गाडीच्या नाही, पुढच्या चाकाच्या रेषेत टाकायची. हँडल लॉक असलं तरी गाडी फूट-दोन फूट वळणावर सरकते. दोघांनी धरून चाक वर चढवलं की पट्ट्याने टायर डॉलीला बांधा आणि विटा काढा. मागचं चाक आपलं आपण फिरतं. गाडी गिअरमध्ये असेल तर क्लच दाबून पायाने न्यूट्रल करता येते, त्याला चावी लागत नाही.

तेवढं करण्याआधी चावीवाल्याला गाडीपाशीच बोलावता येतं का पाहा. नव्या गाडीबरोबर चावीच्या कडीत नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळते. तो नंबर आणि आरसी घेऊन डीलरकडे गेलात तर नंबरावरून चावी मागवता येते. चिपची चावी असलेल्या गाडीला नुसतं पातं कापून चालत नाही. लॉक फिरतं, पेट्रोलचं झाकण उघडतं, पण चिपची नोंद गाडीच्या संगणकात होईपर्यंत इंजिन लागत नाही. आणि पोलिसांकडे गहाळ वस्तूची नोंद नक्की करा, मुंबई आणि पुणे पोलिसांकडे ती ऑनलाइन होते. पुढे कधी गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि एक चावी कधी हरवली होती याचा तारखेसह कागद तेव्हा हातात असावा लागतो.