सोळा हात पाणी

कैरोत वर्षाला जेमतेम 25 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे आषाढातली एखादी सर तेवढं पाणी टाकून जाते. तरी इजिप्तमध्ये पाच हजार वर्षं गहू-जव पिकत आले, ते परमुलखातल्या पावसावर. जून ते सप्टेंबर इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस कोसळतो. तेच पाणी निळी नाईल आणि अटबारा या उपनद्यांतून गाळ घेऊन नाईल नदीत आणि तिथून उत्तरेला इजिप्तमध्ये यायचं. गाळाच्या पट्ट्याला जुने लोक ‘केमेत’ म्हणत, म्हणजे काळी जमीन. पलीकडचं वाळवंट ‘देशरेत’, लाल जमीन. वर्षाचे ऋतू तीनच: पूर, पेरणी, कापणी.

शेतांभोवती बांध घालून पुराचं पाणी महिना-दीड महिना कोंडायचं, मग सोडून द्यायचं आणि ओल्या गाळात बी फेकायचं. जाताना पाणी क्षारही धुऊन नेई, म्हणून जमीन खारावली नाही. माझ्या मते पिरॅमिडांपेक्षा हीच मोठी करामत.

सगळा खेळ पाणी किती चढतं यावर. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय: बारा हात पाण्याला दुष्काळ, तेराला उपासमार, चौदाला चेहऱ्यावर हसू, पंधराला निर्धास्ती, सोळाला आनंदीआनंद. फारच जास्त आलं तर बांध फुटायचे. कैरोच्या रोडा बेटावर 861 साली बांधलेली पुराचं पाणी मोजायची विहीर आजही आहे. मधोमध अष्टकोनी खांब, त्यावर हातांच्या खुणा. एकोणिसाव्या शतकातही पुराच्या दिवसांत दवंडीवाला रोज गल्लोगल्ली आज किती बोटं पाणी चढलं ते ओरडत फिरे. सोळा हात भरले की सरकार शेतसारा वसूल करायला मोकळं, त्यामुळे दवंडीवर कितपत विश्वास ठेवायचा हा प्रश्नच होता.

1877 साली पूर फारच उणा आला. त्याच सुमारास आपलं दख्खनही दुष्काळात होरपळत होतं.

1902 मध्ये दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानला नाईलवर पहिलं धरण झालं, 1970 मध्ये मोठं. पूर थांबला, वर्षभर पाणी मिळू लागलं. गाळ मात्र मोठ्या धरणामागच्या नासर सरोवरात अडकला. शेतकऱ्याला खताची पोती विकत घ्यावी लागतात आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खातोय. सरोवराखाली नुबियन लोकांची गावं गेली, ती वेगळीच कहाणी.

1959 च्या करारात इजिप्तने वर्षाला 55.5 अब्ज घनमीटर पाणी आपल्या नावावर लावून घेतलं, सुदानला 18.5. इथिओपियाला त्या बैठकीला कुणी बोलावलंच नव्हतं. 2011 मध्ये त्याने निळ्या नाईलवर स्वतःचं धरण बांधायला घेतलं.