उड्डाणाचा सूट आणि स्पेसवॉकचा सूट : बाहुलीला नेमका कोणता शिवायचा?

कल्पना चावलांची बाहुली, अंगात जाडजूड पांढरा सूट, पाठीवर मोठी पेटी, डोक्यावर सोनेरी काच. दर ऑगस्टमध्ये नाशिकच्या शाळांच्या प्रदर्शनांत ही बाहुली दिसते. २३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिन झाला की तीच गौरी-गणपतीच्या आराशीत चांद्रयानाशेजारी उभी राहते. आणि ती दरवेळी चुकीची असते. कल्पना चावला १९९७ आणि २००३ अशा दोनदा अंतराळात गेल्या. दोन्ही वेळा त्या यानाबाहेर पडल्या नाहीत. १९९७ च्या मोहिमेत स्पेसवॉक, म्हणजे यानाबाहेर पडून केलेलं काम, झाला, पण तो विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यांनी केला. वर्गातल्या तक्त्यावर चावलांचा जो फोटो असतो, त्यात त्यांच्या अंगात केशरी सूट आहे. तो उड्डाणाचा सूट. पेटीवाला पांढरा सूट त्यांचा नव्हेच.

बाहुलीचे कपडे शिवून विकणाऱ्या आम्हा बायकांकडे ‘अंतराळवीराचा ड्रेस’ एवढीच मागणी येते आणि आपणही तेवढ्यावर कात्री चालवतो. पण हे दोन वेगळे पोशाख आहेत. त्यांचं काम वेगळं, बेतणी वेगळी, उघडण्याची जागा वेगळी, आणि म्हणून शिलाईही वेगळी लावायला हवी.

स्पेसवॉकचा सूट सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. अमेरिकी पद्धतीचा ईएमयू १९८३ पासून वापरात आहे. कापडाचे चौदाच्या आसपास थर, छातीला फायबरग्लासचं टणक कवच, पाठीवर प्राणवायू, वीज आणि थंडाव्याची सोय. जमिनीवर वजन करायचं तर सव्वाशे किलोच्या घरात. उन्हाची धग परतवायला तो पांढरा असतो. थोडक्यात, माणसाच्या मापाचं ते छोटं यानच आहे.

खरा गोंधळ दुसऱ्या सूटचा आहे. उड्डाणाचा सूट यानाच्या आत, खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसलेलं असताना घालतात. उड्डाणाच्या वेळी आणि परतताना. यानातली हवा निसटली तर सूट फुगतो, आतला दाब टिकतो आणि माणूस वाचतो. याची किंमत जगाला १९७१ मध्ये कळली. सोयूझ-११ हे सोव्हिएत यान परत येताना एक झडप अवेळी उघडली, यानातली हवा गेली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह, पात्सायेव्ह हे तिघे गेले. त्यांच्या अंगात असा सूट नव्हता. पुढे रशियन अंतराळवीरांसाठी सोकोल सूट आला आणि १९७३ च्या सोयूझ-१२ पासून तो घातला जाऊ लागला. अमेरिकेतही तेच झालं. शटल या अमेरिकी यानाच्या सुरुवातीच्या चाचणी उड्डाणांनंतर दाबाचे सूट बंद केले होते. १९८६ मध्ये चॅलेंजर या शटलचा अपघात झाला आणि १९८८ पासून केशरी सूट आले. समुद्रात पडलेला माणूस शोधपथकाला लांबून दिसावा, म्हणून केशरी.

इथेच बहुतेकजणी फसतात. ‘केशरी म्हणजे उड्डाणाचा, पांढरा म्हणजे स्पेसवॉकचा’ असं सोपं सूत्र करून टाकतात. ते सूत्र टाकून द्या. सुनीता विल्यम्स यांचीच उदाहरणं घ्या. २००६ मध्ये शटलमधून गेल्या तेव्हा केशरी सूट. २०१२ मध्ये सोयूझमधून गेल्या तेव्हा निळ्या पट्ट्यांचा पांढरा सोकोल. जून २०२४ मध्ये स्टारलायनरमधून गेल्या तेव्हा निळा. मार्च २०२५ मध्ये ड्रॅगन यानातून परतल्या तेव्हा काळपट पट्ट्यांचा पांढरा, अंगाबरोबर बसणारा. हे चारही उड्डाणाचेच सूट. शिवाय त्यांनी नऊ स्पेसवॉक केले, त्यासाठी पाचवा, पेटीवाला ईएमयू. म्हणजे ‘सुनीता विल्यम्सचा ड्रेस हवा’ असं कुणी म्हटलं की आपला पहिला प्रश्न ‘कोणत्या साली?’ हाच हवा.

शुभांशू शुक्ला यांच्या बाहुलीत तर हा गोंधळ कळसाला पोचलाय. २५ जून २०२५ ला ते ॲक्सिअम-४ मोहिमेत ड्रॅगनमधून गेले, १५ जुलैला परतले. सूट पांढरा होता. झालं, पांढरा दिसला की लोक पाठीवर पेटी चिकटवतात. शुक्लांनी स्पेसवॉक केलेला नाही. त्यांच्या सूटला पाठीवर काहीच नव्हतं. हवेची आणि संपर्काची जोडणी मांडीवर असते, तिथून नळी खुर्चीला जाते.

मग ओळखायचं कशावरून? हवा कुठून येते ते बघा. खुर्चीकडून नळीने येत असेल तर उड्डाणाचा, पाठीवरून येत असेल तर स्पेसवॉकचा. शटलच्या केशरी सूटवर काही फोटोंत पाठीला गाठोडं दिसतं, ते पॅराशूट आहे, हवेची पेटी नव्हे. एक अपवाद मात्र सांगायला हवा : सप्टेंबर २०२४ मध्ये पोलॅरिस डॉन मोहिमेत जॅरेड आयझॅकमन आणि सारा गिलिस यानाबाहेर डोकावले ते नळी जोडूनच, पेटीशिवाय. तो सूट उड्डाणाच्याच सूटवरून पुढे बेतलेला होता. अशी ऑर्डर येईल तेव्हा बघू. बाकी हल्लीच्या सूटना नळीची खूण चालते.

हा घोळ जुना आहे आणि त्याला कारणही आहे. अपोलोच्या काळात हे दोन सूट वेगळे नव्हतेच. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग ज्या सूटमध्ये पृथ्वीवरून निघाले त्याच सूटमध्ये, वर पेटी चढवून, चंद्रावर चालले. ते फोटो आपल्या डोळ्यांत इतके बसलेत की अंतराळवीर म्हटलं की हात त्याच आकाराकडे जातो. अपोलोचे सूट आयएलसी या कंपनीत शिवले गेले. बायकांची अंतर्वस्त्रं करणाऱ्या प्लेटेक्सच्याच घरातली ती कंपनी. तिथल्या शिवणाऱ्या बायकांना टीप इंचाच्या बत्तिसाव्या भागापेक्षा जास्त हलवण्याची मुभा नव्हती. आपण बाहुलीसाठी शिवतो म्हणून कसंही चालेल, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आता मशीनवर बसू. अकरा-साडेअकरा इंची बाहुली, म्हणजे साधारण एकास सहा प्रमाण. कमी मार्जिन, बारीक सुई, बारीक टीप हे तुम्हाला माहीत आहे.

उड्डाणाचा सूट बसलेल्या माणसासाठी बेततात. सोकोल घातलेले अंतराळवीर रॉकेटकडे चालत जाताना पोक काढल्यासारखे दिसतात, त्याचं कारण हेच. गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीत पडल्यावर तो सूट नीट बसतो, उभं राहिल्यावर ओढतो. बाहुलीसाठी बेतताना मागचं आसन वाढवा, पुढचं कमी करा. बाह्या मुंढ्यात थोड्या पुढे झुकवून लावा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला चुण्या घ्या, मागे कापड कमी ठेवा. मग बाहुली खुर्चीत बसवली की सूट अंगावर बसतो, आणि या सूटची बाहुली बसलेलीच द्यावी असं माझं ठाम मत आहे. नेहमीच्या नाईट सूटचा कागद वापरून केशरी कापड कापलं तर तो केशरी नाईट सूटच होतो.

उघडण्याची जागा कुणीच बघत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. शटलच्या केशरी सूटची चेन मागे असते. म्हणजे बाहुलीच्या झग्याला आपण करतो तीच मागची उघडझाप इथे अगदी बरोबर आहे. पुढे मधोमध चेन लावलेला केशरी सूट चूक. सोकोल मात्र पुढून उघडतो, छातीवर दोन तिरक्या चेनींनी. आतली हवाबंद पिशवी पुढे गोळा करून तिचं तोंड रबराने घट्ट बांधतात, मग वरचं कापड मिटतात. बाहुलीला ही पिशवी करायची गरज नाही, पण त्या दोन तिरक्या रेषा पायपिंगने तरी काढाच. आणि नाशिककरांनी तर हा सूट चुकवूच नये. १९८४ च्या एप्रिलमध्ये सोयूझ टी-११ मधून गेलेले राकेश शर्मा पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात, आपल्या ओझरला, मुख्य चाचणी वैमानिक होते. त्यांच्या बाहुलीवर ‘नासा’चा बिल्ला लावलेला मी पाहिलाय. ते सोव्हिएत यानातून सोव्हिएत स्थानकावर गेले होते. नासाचा तिथे काय संबंध?

स्पेसवॉकच्या सूटला चेन कुठेच नको. ईएमयू कमरेत उघडतो. खाली विजार, वर टणक धड, मध्ये कडं. बाहुलीसाठी धड शिवू नका, बांधा : बकरमचे दोन थर चिकटवून कवच करा, वर पांढरं कापड ताणून बसवा, बाह्या नंतर जोडा. नुसता फोम भरलेला पांढरा सूट रजईत गुंडाळल्यासारखा दिसतो, कारण खऱ्या सूटची छाती फुगीर नसते, टणक असते. गळ्याच्या कड्याला तान्ह्या बाळाची बांगडी मापात बसते, दोन्ही सूटना. ओर्लान हा रशियन स्पेसवॉकचा सूट करायचा असेल तर पाठीवरची पेटीच दारासारखी उघडते आणि माणूस मागून आत शिरतो. तो हौसेने करावा, धंद्यासाठी नको.

ईएमयूच्या छातीवरच्या डब्याची अक्षरं उलटी असतात. टणक गळ्यामुळे अंतराळवीराला स्वतःची छाती दिसत नाही, तो मनगटावरच्या आरशात ती वाचतो. भरतकामात ही उलटी अक्षरं काढली तर जाणकार गिऱ्हाईक खूश होतं. पायावरचा लाल पट्टा शोभेसाठी नाही : फोटोत कोण कोण ते कळावं म्हणून अपोलोच्या शेवटच्या मोहिमांपासून एकाच्या सूटवर तो असतो, जोडीदाराचा कोरा. दोन बाहुल्यांची जोडी विकत असाल तर एकीलाच लावा.

बाकीचे फरक किरकोळ. सोनेरी काच फक्त बाहेरच्या सूटला, आतल्याला साधी पारदर्शक. हातमोजे बाहेरचे जाड, आतले बारीक. झेंडा ज्याचा त्याचा.

कापडाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. मेनरोडच्या दुकानात ‘अंतराळवीर’ म्हटलं की चंदेरी लेमे, म्हणजे धातूसारखं चमकणारं कापड, पुढे करतात. चंदेरी सूट १९६१ ते ६३ च्या मर्क्युरी मोहिमांचे होते, आणि १९६५ मध्ये बार्बीला अंतराळवीर केलं तेव्हा तिचाही तसाच होता. तेवढी जुनी बाहुली सजवत असाल तर लेमे घ्या, नाहीतर नाही. केशरी सूटला मला साटीनही चालत नाही, ते कॅमेऱ्यात चमकतं आणि लग्नाच्या शेरवानीचं वाटतं. बिनचमकीचं पॉपलिन, आतून पातळ अस्तर. पांढऱ्याला घट्ट विणीचं कॉटन.

गगनयानसाठी केलेल्या व्योममित्रा या बाईच्या रूपातल्या यंत्रमानवाची बाहुलीही आता मागतात. २०२० मध्ये ती बंगळुरूत दाखवली तेव्हाच स्पष्ट होतं की तिला पाय नाहीत. तरी तिला विजार आणि बूट शिवले जातात. कमरेपर्यंत शिवा आणि खाली बैठक करा.

दराचं सांगते. स्पेसवॉकच्या सूटला उड्डाणाच्या सूटपेक्षा दुपटी-तिपटीने वेळ लागतो. दोन्ही एका नावाखाली विकले की स्वस्त दर ऐकून आलेलं गिऱ्हाईक फोटो दाखवतं पेटीवाल्या सूटचा, आणि नुकसान आपलं होतं. म्हणून दरपत्रकात दोन वेगळी नावं, दोन वेगळे फोटो, आणि ऑर्डर घेतानाच ‘यानाच्या आतला की बाहेरचा?’ असं विचारायचं. बाहुली तीन वर्षांच्या आतल्या मुलाला जाणार असेल तर सुटे होणारे मणी, टिचबटणं, कडी काहीच नको, सगळं भरतकामात काढायचं.

नवीन शिवायला लागलेल्या मुलींनी मात्र या दोन्हींपैकी कशालाच आधी हात लावू नये. अंतराळ स्थानकात माणसं महिनोन्‌महिने राहतात ती साध्या टी-शर्ट आणि खिशांच्या विजारीत. विजारीवर वेल्क्रोच्या पट्ट्या असतात, वस्तू तरंगून जाऊ नयेत म्हणून. असा जोड लवकर शिवून होतो, कापड उरलेल्या तुकड्यांतून निघतं, आणि केस वर उडालेली बाहुली त्यात छान दिसते. फक्त बूट घालू नका, आत मोजेच घालतात. पाय दांडीखाली अडकवून त्यांना एका जागी थांबता येतं.