भिवंडीची मोहल्ला कमिटी: न झालेल्या दंगलीची पार्श्वभूमी

पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणींत चकमकी असतात, पाठलाग असतात, नावाजलेले गुंड असतात. सुरेश खोपडे यांच्या ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकाचा विषय मात्र न झालेली दंगल आहे. त्याचं मोल कळायला आधीची भिवंडी माहीत हवी.

यंत्रमागांचं हे शहर. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा आणि बारा तास त्यावर उभा राहणारा कामगार तिसऱ्याच मुलखातला. उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर, कोकणी मुसलमान, आगरी, तेलुगू पद्मशाली, सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. तरीही 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली आणि तिची झळ थेट जळगावपर्यंत गेली. न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. मे 1984 मध्ये पुन्हा तेच. भिवंडी, ठाणे आणि मुंबईत मिळून अडीचशेहून जास्त माणसं गेली.

1988 मध्ये खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. तोवर शांतता समिती म्हणजे दंगलीनंतर बोलावलेले पुढारी, चहा आणि फोटो. खोपड्यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवलं. गल्लीतलीच साधी माणसं घेतली, हिंदू-मुसलमान बरोबरीने, आणि अशा सुमारे 70 मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट: प्रत्येक कमिटीची जबाबदारी त्या बीटवरच्या, म्हणजे तो भाग नेमून दिलेल्या पोलिसावर टाकली. ज्या शिपायाला आयुष्यभर बंदोबस्ताला उभं राहणं, साहेबाला सलाम ठोकणं एवढंच ठाऊक, तो आता बैठक घेऊ लागला. नळावरची भांडणं, तुंबलेलं गटार, शेजाऱ्यांची कुरबूर, नवऱ्याच्या मारझोडीची तक्रार, सगळं तिथेच निघायचं. मग गल्ली शिपायाला नावाने ओळखू लागली आणि त्यालाही कळू लागलं की कोणाच्या घरात काय शिजतंय. अफवा उठली तर खरं-खोटं विचारायला माणूस हाताशी होता. पोलीस खात्यातली उतरंड ज्याला माहीत आहे, त्याला हे किती धाडसाचं होतं ते वेगळं सांगायला नको.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत दंगलीच्या दोन फेऱ्यांत सुमारे 900 माणसं मेली. शेजारची भिवंडी शांत राहिली. तोवर खोपड्यांची बदली झाली होती. उपायुक्त गुलाबराव पोळ यांनी कमिट्या चालू ठेवल्या होत्या, हेही आवर्जून नोंदवायला हवं, कारण आपल्याकडे साहेब बदलला की त्याची योजना फाइलीत जाते.

पुढे मुंबईतही तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्यांचं काम सुरू केलं. भिवंडीत मात्र वीण सैल होत गेली. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव खवळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. ज्यांच्या खांद्यावर खोपड्यांनी सगळी मदार ठेवली होती, त्याच हुद्द्याची ती माणसं होती.