आतडं अडलं, पण पोट उघडलं नाही

माझ्या मावशीचं पिशवीचं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली होती. एका रात्री पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या थांबेनात, पोट टम्म फुगलं. दवाखान्यात नाकातून नळी घातली, सलाईन लावलं आणि खाणंपिणं पूर्ण बंद केलं. दुसऱ्या दिवशी भेटायला येणारा प्रत्येक जण विचारत होता, "नुसतं सलाईन लावून ठेवलंय, डॉक्टर काही करत का नाहीत?"

ते करत होते. पण ते दिसण्यासारखं नव्हतं.

आपल्या आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या बाजूला पातळ, ओलसर अस्तर असतं. त्यामुळेच सुमारे सहा मीटर लांबीचं लहान आतडं एवढ्याशा जागेत न अडकता सरकत राहतं. ऑपरेशनमध्ये हे अस्तर दुखावलं की तिथे फायब्रिन नावाच्या प्रथिनाचा चिकट थर जमतो. बराचसा थर शरीर काही दिवसांत विरघळवून टाकतं. जो उरतो त्याचे पक्के पट्टे बनतात. "आतडी चिकटलीत" असं डॉक्टर सांगतात ते हेच. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बहुतेकांच्या पोटात असे पट्टे थोडेफार असतातच, आणि बहुतेकांना त्यांचा कधीच त्रास होत नाही. मात्र एखाद्या पट्ट्यापाशी आतडं मुरगळलं, तर रस्ता बंद होतो. हे महिन्याभरात होऊ शकतं, वीस वर्षांनीही. म्हणून आधीच्या सर्जनला दोष देऊ नये. हा जखम भरण्याचाच एक भाग आहे.

मग पट्टा कापून मोकळं का होत नाहीत? कारण त्यासाठी पोट पुन्हा उघडावं लागतं, अस्तर पुन्हा दुखावतं आणि नवे पट्टे तयार होण्याची शक्यता येतेच. शिवाय चिकटलेली आतडी सोडवताना भोक पडण्याचा धोका असतो.

आता नळीकडे वळू. आपण काही खाल्लं नाही तरी लाळ, जठररस, पित्त आणि आतड्यातले रस मिळून रोज काही लिटर पाणी आतड्यात उतरतं. एरवी ते पुढे शोषलं जातं. रस्ता बंद झाला की ते साचतं, आतडं ताणतं, भिंतीला सूज येते आणि मुरगळा आणखी घट्ट बसतो. हे चक्र नळी तोडते. आपल्याकडे तिला रायल्स ट्यूब म्हणतात. जॉन राइल या इंग्रज डॉक्टरांनी ती 1921 साली जठरातलं आम्ल तपासण्यासाठी सुचवली होती. पुढे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटातले सर्जन ओवेन वँगनस्टीन यांनी नाकातल्या नळीतून साचलेलं पाणी सतत शोषून आतड्यावरचा ताण कमी करायची पद्धत रूढ केली. ते स्वतः सर्जन होते, तरी सुरीआधी नळी लावून पाहा असं सांगत होते. मला याचं फार मोल वाटतं. सोबतचं सलाईन उलट्यांतून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं. पोटॅशियम कमी झालं तर आतडं आणखी मंदावतं, म्हणून रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा होते.

जठर रिकामं झालं की बऱ्याच ठिकाणी नळीतूनच गॅस्ट्रोग्राफिन नावाचं औषध देतात, साधारण 100 मिली. चिरलेल्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं हे दाट द्रावण सुजलेल्या भिंतीतलं पाणी आतड्याच्या पोकळीत ओढून घेतं. एक्स-रेमध्ये ते पांढरं दिसतं. 24 तासांत ते मोठ्या आतड्यात पोचलेलं दिसलं, तर ऑपरेशनशिवाय सुटका होण्याची शक्यता खूपच मोठी असते.

अशा उपचाराने दहापैकी सात ते नऊ रुग्णांची अडचण सुटते. पुढे कधीतरी ती पुन्हा येऊ शकते, हेही सांगायला हवं. आणि थांबायलाही मर्यादा आहे. थांबून थांबून दुखणारी कळ सलग होऊन राहिली, ताप आला, नाडी धावू लागली, पोट लाकडासारखं कडक झालं, किंवा आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याचं सीटी स्कॅनमध्ये दिसलं, तर ऑपरेशन लगेच करावं लागतं. तिथे तासांचा उशीरही महाग पडतो. हे काही नसलं तरी साधारण 72 तासांनी फेरविचार होतोच. म्हणून हे थांबणं दवाखान्यातच, सर्जनच्या नजरेखाली व्हायला हवं. घरी एरंडेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन तर मुळीच नाही. बंद रस्त्यावर मागून जोर लावल्यासारखं होतं ते.

मावशीच्या पलंगाशी एक कागद टांगलेला होता. नळीतून किती पाणी आलं ते सिस्टर दर पाळीला त्यावर लिहायच्या. पहिल्या दिवशी 1400 मिली, हिरवंगार. दुसऱ्या दिवशी 800. तिसऱ्या दिवशी 250, रंगही फिकट. त्या दिवशी पहाटे मावशीने सिस्टरना हाक मारून हळूच सांगितलं, गॅस सरला. दुपारी नळीला चिमटा लावला, रात्री ती काढली. मग दोन चमचे पाणी, आणि चौथ्या दिवशी भाताची पेज.